ऐंशी टनांचा रोबो आणि घरातला एकच कूलर

ऐंशी टनांचा रोबो तापून बंद पडला, तेव्हा मी परभणीतल्या माझ्या घराच्या पुढच्या खोलीत बनियनवर बसलेलो होतो. मे महिना होता. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटे झाली होती. त्यानंतर जे घडले त्याची एकच बाजू आमच्या घरात आणि जावयाच्या पेडगावात सांगितली जाते. म्हणून दुसरी बाजू नोंदवणे भाग आहे.

आधी खेळ सांगतो. संगणकावर प्रत्येकाला एक अवाढव्य लढाऊ रोबो मिळतो. त्याच्या अंगावर आवडीच्या तोफा बसवायच्या आणि समोरच्या संघाचे रोबो फोडायचे. अडचण अशी, की तोफ झाडली की रोबो तापतो. पडद्याच्या कोपऱ्यातली तापाची पट्टी भरली की तो जागच्या जागी बंद पडतो आणि शत्रू त्याला निवांतपणे सोलून काढतात. ताप उतरवायला गारव्याची यंत्रे बसवता येतात, पण वजनाला मर्यादा आहे. तोफा वाढवल्या की गारवा कमी, गारवा वाढवला की तोफा कमी.

माझी धाकटी मुलगी मुक्ता या खेळात चौघांच्या संघाची कप्तान आहे. ती, तिच्या दोन मैत्रिणी आणि मी. (वडिलांना संघात घेणारी मुलगी जिल्ह्यात दुसरी नसावी. याची आठवण तिने मला वेळोवेळी करून दिली आहे.) माझ्या रोबोवर तोफा सहा होत्या आणि गारव्याचे यंत्र एक.

"पप्पा, तीन तोफा काढा," मुक्ता म्हणाली.

"कोणत्या?"

"कोणत्याबी. आन् ती आग फेकायची नळी तर पहिली काढा. परभणीत, मे महिन्यात, कुणी आग फेकतं का?"

"ती दिसायला चांगली हाय."

"हापिसात दुसऱ्याच्या बातम्या रोज निम्म्या कापता ना तुमी? मग स्वतःच्या तोफा कापायला काय होतंय?"

मी वर्तमानपत्रात उपसंपादक आहे. हा थेट व्यवसायावर हल्ला होता, म्हणून मी नळीला हात लावला नाही. तोफाही काढल्या नाहीत. त्यावर कप्तानाने निर्णय जाहीर केला: रविवारी दुपारी दोनच्या सामन्यात मी एकदा जरी तापून बंद पडलो, तर संघातली माझी जागा दुसऱ्याला!

नेमके त्याच रविवारी बायकोने मोठ्या मुलीच्या नवऱ्याला जेवायला बोलावले. अधिक महिना होता. या महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे, वर तूप आणि त्याच्याही वर मान वाढायचा असतो. आमचे जावई बालाजी पेडगावला शेती करतात. बोलणे मोजके. ते पुढच्याच खोलीत, माझ्या संगणकाशेजारी पाटावर बसले, तसा बायकोने घरातला एकमेव कूलर त्यांच्यासमोर आणून लावला.

"थोडा इकडं फिरव की," मी म्हणालो. "संगणक तापायलाय."

"संगणकाला पोरगी दिलीय का आपण?"

मी खुर्ची संगणकाकडे ओढली.

सामना सुरू झाला. मुक्ता आतल्या खोलीत तिच्या संगणकावर होती आणि तिथूनच ओरडून सूचना देत होती. आठ मिनिटे मी कमालीचा संयम पाळला. मग टेकडीवरून तीन शत्रू एकदम उतरले आणि मी सहाही तोफा एकदम झाडल्या. (त्यात एक शत्रू फुटला. याचा उल्लेख आजवर कोणीही करत नाही!) पट्टी लाल झाली. भोंगा वाजू लागला.

"पप्पा, थांबा! पट्टी उतरू द्या!"

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. परभणीत वाढलेला माणूस, जे तापेल त्याच्याकडे कूलर फिरवतो. मग ते लहान मूल असो, म्हातारा असो, की फ्रिजची पाठ. त्यात विचार नसतो. माझे दोन्ही हात गुंतलेले होते, म्हणून मी पायाने कूलरची कड ओढली.

"अवो, काय करायलात तुमी?" बायको ओरडली.

"रोबो गार करायलोय!"

"पप्पा," आतून आवाज आला, "ताप खेळातला हाय, खोलीतला न्हाई!"

हे मला माहीत होते. पायाला माहीत नव्हते.

कूलरचे चाक सतरंजीत अडकले. कूलर कलला आणि टाकीतले पाणी एका हिसक्यात जावयाच्या अंगावरून ताटात गेले. आहेराचा कोरा सदरा भिजला. धोंडे तरंगू लागले. त्याच क्षणी पट्टी भरली आणि माझा रोबो हात वर केलेल्या अवस्थेत बंद पडला.

"जावयाला ताटावर आंघोळ घालायची पद्धत कुठली ओ?" बायकोने विचारले. आवाज अगदी शांत होता, त्यामुळे मी वळून पाहिले नाही.

बालाजी उठले. मिशा पुसत पडद्यापाशी आले.

"मामा, कितीक तोफा हायत?"

"सहा."

"आन् समद्या एकदम चालू केल्या?"

"हो."

"मामा, आमच्या शिवारात समद्यांनी पाण्याच्या मोटारी एकदम चालू केल्या का लाइटीचा डीपी उडतो. मग बसा बोंबलत. म्हणून आमी पाळी लावलीय. एकाची बंद, मग दुसऱ्याची चालू." त्यांनी ओले बोट पडद्याला टेकवले. "आन् ही नदी हाय न्हवं? तापलाय तर पाण्यात उभा करा की. म्हशीला कळतंय."

(पाण्यात रोबो लवकर गार होतो, हा खेळाचा नियमच आहे. मुक्ताने तो मला चार वेळा सांगितला होता. म्हशीचा दाखला मात्र तिने कधी दिला नव्हता.)

"कोण बोललं ते? दाजी?" मुक्ता किंचाळली. "दाजी, पप्पाला उठवा आन् तुमी बसा!"

रोबोला एव्हाना एक हात उरला होता. थोडा गार होऊन तो पुन्हा सुरू झाला. बालाजींनी तो नदीत नेऊन कमरेएवढ्या पाण्यात उभा केला आणि एक तोफ झाडली. थांबले. दुसरी झाडली. थांबले. इतका कंटाळवाणा लढवय्या मी पाहिलेला नाही! बायकोने पाहुण्यांचा मान म्हणून कूलर उचलून त्यांच्याकडे, म्हणजेच संगणकाकडे, फिरवला. मी हेच मागत होतो, हे निदर्शनास आणून दिले. कोणी ऐकले नाही. सामना जिंकला.

"ती जागा माझी हाय," मी म्हणालो.

"होती," कप्तान म्हणाली.

मी बायकोकडे दाद मागितली. ती ताट नव्याने वाढत होती.

"अधिक महिन्यात जावयाला दिलेलं परत मागत नसतेत," ती म्हणाली.

तेव्हापासून बालाजी दर रविवारी पेडगावहून येतात आणि माझ्या खुर्चीवर बसतात. अधिक महिना केव्हाच सरला, पण मान चालूच आहे. संघात मी आता राखीव आहे. सामना सुरू असताना कूलरमध्ये पाणी भरण्याचे काम माझ्याकडे आहे. तेही कप्तानाच्या लेखी सूचनेनुसार: एका वेळी एकच तांब्या, आणि मध्ये थांबून.