गोळी म्हणजे खाणं नव्हे

'काही खाल्लं का?' या प्रश्नाला उत्तर देताना आमच्याकडे कुणी गोळी धरत नाही. भाषेत आपण गोळी 'खातो', हे खरं. पण निर्जळीच्या खालोखाल कडक उपवास करणारी बाईसुद्धा रक्तदाबाची गोळी घेते आणि उपवास मोडला असं मानत नाही. देवाचीही त्याला हरकत नसावी. यंत्राची असते, हे मला जव्हारच्या रक्ततपासणी शिबिरात कळलं.

मी मोखाड्याकडे, सूर्यमाळच्या वाटेवरच्या एका आश्रमशाळेत इतिहास शिकवते. माझी थायरॉइड ग्रंथी मंद आहे आणि तिच्यासाठीची गोळी मी बरीच वर्षं घेते. गोळीआधीचे दिवस मी विसरलेले नाही. फळ्यावर सनावळी लिहिताना मधेच हात थांबायचा आणि पुढचं साल वर्ग मला सांगायचा. शाळेची चढण चढताना पाय दुसऱ्याच कुणाचे वाटायचे. त्या दिवसांत परत जायची माझी तयारी नाही. गेल्या वर्षी या गोळीच्या जोडीला लोहाची लाल गोळी आली. शिवाय केस गळतात म्हणून नाशिकच्या बहिणीने बायोटिनची बाटली पाठवली. बाटलीवर घनदाट केसांची एक बाई हसत होती. तिला गोळीची गरज कधीच पडली नसावी.

एप्रिलमध्ये जव्हारला शिबिर भरलं. लोह आणि थायरॉइड, दोन्ही तपासण्या मोफत, वर शहरातून आलेले तज्ज्ञ. सूचना एकच होती: उपाशीपोटी यावे. त्याप्रमाणे आम्ही उपाशी आलो आणि पाहुणे नाश्ता करून आले. दीपप्रज्वलन झालं, स्वागतगीत झालं, व्यासपीठावरच्या प्रत्येकाला शाल मिळाली. बाहेर डांबर वितळत होतं. त्या सभागृहात शालीची खरी गरज एकट्या मला होती. मी भर उन्हाळ्यात कुडकुडणारी बाई आहे.

भाषणं संपल्यावर रांग लागली. सुई हातात धरलेल्या मुलीने माझ्या पुढच्या बाईला विचारलं, "मावशी, काही खाल्लं का?"

"काय नाय. पाणीच पिलो."

ती पुढे सरकली, तेव्हा मी सहज विचारलं, "आज लाल गोळी घेतलीस?"

"घेतली ना बाई. रोज खायची सांगलीय."

"मग खाल्लं नाही कसं म्हणालीस?"

ती माझ्याकडे बघून हसली. "गोली काय भाकर हाय? शाळेत शिकवता ना तुम्ही?"

मी रांगेत पुढे सरकले. त्या सकाळी मीही तिन्ही गोळ्या एका घोटात घेतल्या होत्या. आणि मुलीने मला विचारलं तेव्हा मीही शुद्ध मराठीत सांगितलं, "नाही, उपाशी आहे."

पुढच्या आठवड्यात निकाल वाटायला तेच सभागृह आणि तेच व्यासपीठ. माझ्या कागदावर लोह कमाल मर्यादेच्या वर होतं आणि टीएसएच जवळजवळ तळाला. थायरॉइड मंदावलं की टीएसएच चढतं आणि थायरॉइड जास्त झालं की उतरतं, एवढं इतक्या वर्षांत मलाही पाठ झालं आहे.

"अभिनंदन मॅडम," तज्ज्ञ म्हणाले. "लोह भरपूर आहे. थायरॉइड मात्र धावतंय. दोन्हींच्या गोळ्या चालू असतील तर बंद करा."

"कुणाचं धावतंय?" मी विचारलं. "छाती धडधडत नाही, हात थरथरत नाही, वजन उतरत नाही. मला पंख्याखाली बसवत नाही."

"रिपोर्ट खोटं बोलत नाही."

"मीही बोलत नाहीये, डॉक्टर. आमच्यापैकी एकाला परत विचारायला हवं."

ते हसले आणि त्यांनी माझ्या मागच्या बाईला हाक मारली. तेवढ्यात आयोजकांनी माइक घेऊन जाहीर केलं की या भागातल्या भगिनींचं रक्त आता सुदृढ झालं आहे. टाळ्या झाल्या. मी वाजवल्या नाहीत. मागच्या वेळी रांगेत माझ्या पुढे असलेली बाई माझ्या कानाशी म्हणाली, "माजीबी गोली बंद केली. जिना चढताना दम लागतो, तो कशानं?"

"आपल्या दवाखान्यात विचारल्याशिवाय सोडू नकोस," मी म्हटलं. "मीही सोडत नाही."

घरी येऊन मी बायोटिनच्या बाटलीवरचा बारीक मजकूर वाचला. मोठ्या अक्षरांतला मजकूर वाचण्यासारखा क्वचितच असतो. एका कोपऱ्यात लिहिलं होतं की या गोळीमुळे काही रक्ततपासण्यांचे आकडे चुकू शकतात. बाटली पिशवीत टाकून मी जव्हारच्या माझ्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांच्या दवाखान्यात व्यासपीठ नाही, बाकडं आहे.

त्यांनी बाटली वाचली आणि कपाळावर हात मारला. "काही यंत्रं मोजमापात बायोटिनच वापरतात. रक्तात ते जास्त असलं की यंत्र फसतं आणि टीएसएच खोटं कमी दाखवतं. लोहाची गोळी सकाळी घेतली की त्या दिवशी रक्तातलं लोह तसंही चढतं. आणि ही लाल गोळी थायरॉइडच्या गोळीबरोबर घेतेस?"

"हल्ली हो. तिन्ही एकत्र, म्हणजे विसरायला होत नाही."

"वा! लोह तिला पोटात नीट शोषूच देत नाही. तुला कागदावर गोळी जास्त झालीय आणि अंगात कमी पडतेय."

बायोटिन थांबलं. काही दिवसांनी, सकाळी एकही गोळी न घेता, मी पुन्हा रक्त दिलं. या वेळी त्यांनी फेरिटिनही पाहिलं. ते शरीरातला लोहाचा साठा सांगतं आणि सकाळच्या एका गोळीने फुगत नाही. साठा अगदी कमी निघाला. टीएसएच तळाला तर नव्हतंच, उलट हवं त्यापेक्षा वर होतं. अभिनंदन स्वीकारून दोन्ही गोळ्या सोडल्या असत्या, तर पावसाळ्यापर्यंत वर्ग पुन्हा मला सनावळ्या सांगत बसला असता.

डॉक्टरीणबाईंनी तज्ज्ञांना फोन लावला. बोलणं मला ऐकू येत होतं.

"सकाळी गोळ्या घेतल्या हे पेशंटने आधी सांगायला हवं होतं," पलीकडून आवाज आला.

"तिला विचारलं होतं का?"

"उपाशी आहात का, हे सगळ्यांना विचारलं होतं."

"मग तिने खरं तेच सांगितलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे बघून त्यांनी फोन ठेवला.

मग त्यांनी मला समजावलं: डोस आहे तोच राहील. थायरॉइडची गोळी पहाटे पाण्याबरोबर, लोहाची दुपारी जेवणानंतर, आणि दीड-दोन महिन्यांनी पुन्हा तपासणी. "चहाही पहाटेच्या गोळीला नीट शोषू देत नाही. तासभर थांबेल ना?" त्यांनी विचारलं.

"थांबेल," मी म्हटलं. "तुम्ही कारण सांगितलंत ना."