शेजारच्या सीटवरच्या बाई

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये त्यांना सगळे ब्रेकबाई म्हणत. शिकवायच्या गाडीत त्यांच्या पायाशीही एक ब्रेक होता, आणि तो त्या इतक्या अलगद दाबायच्या की शिकणाऱ्याला वाटावं, गाडी आपणच थांबवली. वीस वर्षांत गाडीवर साधा ओरखडा नाही! तोंड मात्र तिखट. "स्टिअरिंग आहे ते, कणीक तिंबताय काय?" असं भल्याभल्यांना ऐकवायच्या.

मुलगा अठराचा झाला तेव्हा त्यालाही त्यांनीच शिकवलं. लायसन्स हातात पडून जेमतेम तीन महिने झाले होते. त्या शनिवारी तो मित्राकडे जेवायला गेला होता आणि चारच्या सुमारास घरची गाडी घेऊन आईला न्यायला आला. बाई शेजारी बसल्या, दार लावलं आणि वास आला. पेपरमिंटच्या गोळीआडून बीअरचा.

"किती घेतलीस?"

"दोनच गं आई. एकदम ओके आहे मी. इथवर आलो की नाही नीट?"

इथे बाईंनी किल्ली काढून घ्यायला हवी होती. दुसऱ्या कुणाची आई अशी गप्प बसली असती, तर बाईंनी तिला फाडून खाल्लं असतं! पण स्कूलच्या दारात सहा-सात शिकाऊ उभे होते, त्यांच्यासमोर तमाशा नको वाटला. आणि खरं सांगायचं तर मनात आणखी एक होतं. चार मिनिटांचा तर रस्ता, आणि मी शेजारी आहे ना? काही झालंच तर थांबवीन की. वीस वर्षांची सवय, दुसरं काय!

कोपऱ्यावर लाँड्रीवाले आजोबा इस्त्रीच्या कपड्यांचा गठ्ठा छातीशी धरून रस्त्यात उतरले. बाईंना ते दिसले. पोरगा समोरच बघत होता, तरी त्याला दिसले नाहीत. बाईंनी पाय दाबला, जीव खाऊन दाबला. पायाखाली नुसती रबरी मॅट. घरच्या गाडीत त्यांच्या बाजूला ब्रेक नव्हताच!

"अरे, थांब!"

पोराचा पाय हलला, पण उशिरा. तोवर बाईंनी दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला होता. गाडी आडवी फिरून फुटपाथवर आदळली. आजोबा मागे कोसळले आणि शर्ट रस्ताभर पसरले.

आजोबांचं मनगट मुरगळलंय, कोपर सोललंय, बाकी सगळं ठीक, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा बाई दवाखान्याच्या बाकावर बसून ढसाढसा रडल्या. दिसेल त्याचे आभार मानत सुटल्या, पट्टी बांधणाऱ्या नर्सचे तर तीनदा.

"आई, मला खरंच वाटलं होतं मी ठीक आहे," पोरगा म्हणाला.

"मलाही वाटलं होतं," बाई म्हणाल्या.

पोलिसांसमोर त्याने सगळं स्वतः कबूल केलं. लायसन्स गेलं. बाईंनी त्यासाठी एका शब्दाने गयावया केली नाही.

दुसऱ्या दिवशी शर्ट घरी धुऊन, इस्त्री करून दोघं लाँड्रीत गेले. पोराने मान खाली घालून माफी मागितली. आजोबांनी त्याला स्टूल दिलं आणि बाईंकडे वळले.

"बाई, तुम्ही हँडब्रेक ओढलात म्हणून आज दुकान उघडलं. उपकार झाले तुमचे. चूक माझीही होतीच म्हणा. गाडी येताना मी पाहिली होती, थांबलोही होतो. पण काचेतून तुम्ही दिसलात. म्हटलं, बाई आहेत गाडीत, आता कशाला घाबरायचं! आणि उतरलो."

बाईंनी आजोबांचा न दुखावलेला हात दोन्ही हातांत घट्ट धरला आणि किती तरी वेळ सोडला नाही.