तोंडं दोन, आवाज एक

शालनताईंना काहीही सांगितलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे : "तू स्वतः ऐकलंस का?" मी वार्ताहर, तरी या प्रश्नाला अनेकदा अडखळलो.

चाकणजवळच्या शेतकरी घरातल्या ताई ताथवड्याच्या एका कॉलेजातून निवृत्त झाल्या आणि माणसाविना पाण्याखाली फिरणारी यानं बनवू लागल्या. पाण्याखाली जीपीएस चालत नाही. म्हणून त्यांची तीन यानं एकमेकांना आवाजाने हाका मारत, हाक पोचायला लागलेल्या वेळावरून अंतर काढत आणि कोण कुठे आहे ते एकमेकांना कळवत. चाचण्या मोशीच्या एका जुन्या, पाण्याने भरलेल्या दगडखाणीत चालत. वर हिरवट, निश्चल पाणी. लॅपटॉपवर मात्र तीन ठिपके एकमेकांना सावरत सरकत असत. ते पाहताना काठावरची माणसं आपोआप हळू बोलत.

एके दिवशी तिसरं यान गप्प झालं. ते हरवलं असतं तर प्रकल्प तिथेच बंद पडला असता. ते पूर्वेच्या भिंतीखाली असल्याचं उरलेली दोन्ही यानं ठामपणे सांगत होती. चाचण्यांसाठी बोलावलेला पाणबुड्या तिथे उतरला, रिकाम्या हाताने वर आला.

"ताई, खाली नुस्ता गाळ हाय. टाकीत एका बुडीपुरती हवा हाय. बोला, कुठं जाऊ?"

"परत तिथेच," ताईंचा सहकारी समीर म्हणाला. "मॅडम, दोन्ही यानं एकच जागा दाखवताहेत. आणखी काय पाहिजे?"

ताईंनी यानांचे निरोप क्रमाने वाचले. पहिल्या यानाने तिसऱ्याच्या हाकेचा दगडी भिंतीवरून परतलेला एक प्रतिध्वनी ऐकला होता आणि तोच खरा मानून दुसऱ्याला कळवला होता. दुसऱ्याने तो मान्य करून परत पहिल्याला सांगितला. पहिल्याला वाटलं, आपल्याला दुजोरा मिळाला. प्रत्येक फेरीत दोघांची खात्री वाढत गेली.

"दोन न्हाईत रं समीर," ताई म्हणाल्या. रागावल्या की त्या गावच्या बोलीत शिरत. "आवाज एकच हाय, तोंडं दोन हायेत. पारावर बसून अफवा अशीच पिकती."

त्याआधी दुसऱ्या यानाने स्वतः तिसऱ्याची एक क्षीण हाक ऐकली होती आणि तिच्यापुढे 'खात्री कमी' अशी खूण केली होती. त्या हाकेचं अंतर पश्चिमेच्या कपारीशी जुळत होतं. ताईंनी तिकडे बोट दाखवलं.

पाणबुड्या दिसेनासा झाला. मग पाण्यातून त्याचा हात वर आला, आणि त्यात तिसरं यान ओढायची दोरी होती.

"घाबरत घाबरत बोललं, पण स्वतः ऐकलेलं बोललं," दुसऱ्या यानाबद्दल ताई म्हणाल्या आणि थर्मासमधला चहा ओतू लागल्या.

पुढे ताई गेल्याची बातमी मला तीन व्हॉट्सॲप ग्रुपवर दिसली. तिन्हीकडे त्यांचं गाव चुकलेलं होतं, आणि चूक एकच होती. मी त्यांच्या भावाला, दत्तूभाऊंना, फोन लावला.

"व्हय," ते म्हणाले. "आक्काच्या उशाशीच बसलोय. शेवटचं पाणी मीच पाजलं." मग म्हणाले, "तू फोन करशीलच, म्हनली व्हती."

बातमी मी त्यानंतर लिहिली.