उभ्या चढणीचं कार्य

गुहागरच्या अलीकडच्या त्या वाडीत जाईबाईच्या तोंडी लागायला कोणी धजत नसे. चौदाव्या वर्षापासून ती डोक्यावरून जांभ्याचे चिरे वाहत होती. अलोऱ्याच्या वसाहतीत तिने वाहिलेले चिरे होते, वाडीच्या देवळात होते, आणि त्या देवळाच्या पायऱ्यांवर बसून जगाला अक्कल शिकवणाऱ्या निम्म्या पुरुषांच्या घरांतही होते. असल्या बोलघेवड्यांची तिला शिसारी होती.

त्यांतले शिरोमणी म्हणजे हायस्कुलातले सहदेव मास्तर. विज्ञान शिकवत. इस्त्रीचा सदरा, खिशाला दोन पेनं आणि चेहऱ्यावर असा भाव, की सगळं गाव नापास झालंय. त्र्याऐंशी साली टेकाडावर शाळेच्या दोन खोल्या बांधायला निघाल्या आणि समितीचं चिटणीसपण यांच्या गळ्यात पडलं. माकडाच्या हाती कोलीत, दुसरं काय!

चिरे ट्रकमधून खाली रस्त्यावर उतरत. जाईबाई आणि आणखी पाच बायका ते वळणाच्या पायवाटेने वर नेत. मास्तर दोन दिवस करवंदीच्या जाळीआड सावलीत बसून वहीत आकडेमोड करत होते. तिसऱ्या सकाळी उठले आणि मुकादम भिकूला म्हणाले, "आजपासून सगळ्यांना उभ्या चढणीने पाठव. वळणाची वाट चौपट लांब. फुकट वेळ जातो."

जाईबाई जागीच थांबली. अलोऱ्याच्या कामावर तिचा डावा गुडघा दुखावला होता. उभ्या चढणीवर तो दोन दिवसही टिकला नसता. नाही म्हणावं, तर भिकू दुसरी बाई घेणार. आणि गुडघा गेलेल्या बाईला पुन्हा कामावर कोण बोलावतं? तिला भीती वाटली. असल्या माणसामुळे आपल्याला भीती वाटावी, म्हणून ती आणखीच चिडली.

"मास्तरानू, कुठल्या येड्यान सांगलान ह्ये?"

"गणिताने," मास्तर म्हणाले आणि काटकीने मातीत त्रिकोण काढू लागले. "उंची तीच ना? मग कुठल्याही वाटेने जा, गुरुत्वाकर्षणाने चिऱ्यावर केलेलं कार्य तेवढंच. चढताना ते ऋण असतं, एवढंच."

"कार्याला ऋण काडलान?" मागून त्या पाचजणींतली मथुरा कळवळून म्हणाली. "कोनाच्या पोरीचं लगीन हाय वो?"

बायका खदखदून हसल्या. मास्तरांनी कपाळावर हात मारला. "अडाणी कुठल्या! ऋण म्हणजे उणे!"

जाईबाई हसली नाही. ती त्या त्रिकोणाकडे बघत होती.

"मंग येवडी फिरवून वाट काडनारं आमचं आजेपनजे खुळं व्हतं काय?"

मास्तरांना एक खोड होती. प्रश्न आला की उत्तर दिल्याशिवाय त्यांना राहवत नसे, मग भले स्वतःच्या पायावर धोंडा पडो. "छे, खुळे कसले!" ते ऐटीत म्हणाले. "चढण जितकी लांब, तितका जोर कमी. वळणाच्या वाटेने चिरा वर न्यायला चौथाई जोर पुरतो."

"म्हंजे उभ्या चढनीला चौपट."

"अर्थात. पण कार्य तेवढंच!"

भिकू मान खाली घालून उगाच ट्रककडे निघून गेला. जाईबाईने डोक्यावर चुंबळ ठेवली. मथुराने चिरा उचलून तिच्या डोक्यावर दिला.

"कार्य तुमचं, मास्तर," जाईबाई म्हणाली. "जोर आमचा."

ती वळणाच्या वाटेला लागली. एकमेकींना हात देत बाकीच्याही तिच्यामागून निघाल्या. शेवटी मथुरा उरली. तिला चिरा द्यायला कोणी नव्हतं. तिने इकडे तिकडे पाहिलं.

"मास्तरानू," ती म्हणाली, "वही ठेवा नि जरा हात लावा."

मास्तर वाकले.