गांडुळांचा पाहुणचार

गांडुळांना तिखट चालत नाही. हे मला आता माहीत आहे.

आम्ही मूळचे बेळगावचे. मारतहळ्ळीत अक्कांच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. अक्कांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. मराठी बोलतात, पण दर वाक्याला कन्नडची फोडणी! गच्चीवर टोमॅटोचे दोन वाफे करायची परवानगी त्यांचीच. त्यात गांडुळं सोडायचं मी ठरवलं, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "सोडा. पण एक जरी खाली आलं, तर वाफे काढायचे. सरी? कबूल?"

"अक्का, गांडूळ म्हणजे गरीब प्राणी! जागचं हलत नाही," मी छातीठोकपणे सांगितलं. (माझी नि गांडुळांची ओळख शाळेच्या पुस्तकापुरती.)

अर्धा किलो गांडुळं आली. सोबत कागद होता. माझी बायको मंजू मोठ्याने वाचू लागली, "पहिले दोन दिवस खायला काही घालू नका."

"अगं, एवढा प्रवास करून आलीत! बेळगावकराच्या दारात पाहुणा उपाशी?"

"पाहुणे कसले? गांडुळं आहेत ती!"

पण ऐकेन तर शपथ! दुपारी मी केलेला तांबडा रस्सा पातेलंभर उरला होता. (का उरला, ते मंजूला विचारू नका.) तो एका वाफ्यात ओतला. दुसऱ्यावर अन्याय नको, म्हणून तिथे लिंबाचं लोणचं घातलं.

सकाळी खालून अक्कांची हाक आली, "अहो, स्वल्प खाली या!"

गच्चीवरच्या पावसाच्या पाण्याचा पाइप अक्कांच्या दारातच उघडतो. त्यातून माझे पाहुणे एकामागून एक उतरत होते आणि थेट रांगोळीत वळवळत होते!

"मी एक म्हणाले होते," अक्का म्हणाल्या. "हे किती? मोजा!"

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. टोमॅटोला कालच पहिली फुलं आली होती हो! जीव तुटला अगदी.

अक्कांनी वाकून वास घेतला. "काय घातलंत यांना?"

मी सगळं कबूल केलं. अक्का हसत हसत पायरीवरच बसल्या. "अय्यो, बिचारी! जीव वाचवायला आली की माझ्याकडे! वाफे राहू देत. पण तुमच्या हातचं त्यांना घालायचं नाही."

मग गांडुळं सुपलीत गोळा करणाऱ्या मंजूकडे बघून त्या म्हणाल्या, "तू कशी गं टिकलीस दहा वर्षं?"

"काय करू अक्का," मंजू म्हणाली, "मी त्या पाइपात मावत नाही!"