राजा बसला तो दगड

आमच्या पवनीच्या टेकडीवर जी जुनी वस्ती आहे, तिचा चढ असा की खाली भात शिजत टाकून निघावं, तर वर पोचेपर्यंत पुढच्या वर्षीचं धान रोवणीला येतं. पाहुण्यांना ही वस्ती हिंडवून दाखवणारा माझा शेजारी वळणावळणावर थांबून इतिहास सांगतो. त्याला जिथं दम लागतो, तिथं एखादा राजा हमखास येऊन गेलेला असतो. यंदा राजे फार वाढलेत.

परवा नागपूरहून एक म्हातारी सुनेला घेऊन वरचं माहेरचं घर एकदा डोळ्यांनी पाहायला आली. अर्ध्या चढावरच तिला धाप लागली. सून करवादली, "म्हटलं होतं ना आई, गाडीतच बसा! चला परत."

म्हातारीचा चेहरा उतरला. शेजाऱ्यानं लगेच वाटेकडेला चरणाऱ्या शेळ्यांजवळचा एक दगड खांद्यावरच्या दुपट्ट्यानं झटकला.

"थांबा वं बाई! इथं राजा बसला होता. या दगडावर बसल्याबिगर वरतं कोणालेच जाता येत नाही. बस माय. अन् तू बी बस."

दोघी बसल्या, दमानं उठल्या आणि घर पाहून आल्या.

काल पाहतो तर दगडाला कोणीतरी शेंदूर फासलेला, आणि माझा शेजारी बाजूला मातीत बसून धापा टाकतोय.

"पाह्य ना भाऊ," तो म्हणाला, "माह्या दगडावर आता मलेच बसता येत नाही!"