दाजी मालिश शिकतात

माझ्या दाजींनी एखादी गोष्ट मनावर घेतली की मग तिची सुटका नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. लातूरच्या बाजारात त्यांनी चाळीस वर्षं तुरीची पारख केली. पोत्यात हात घालायचा, मूठभर दाणे तळव्यावर चोळायचे आणि डोळे मिटून माल कसा आहे ते सांगायचं. काम सोडून चाकूरला राहायला गेले तेव्हा हे हात रिकामे झाले. मग बासष्टाव्या वर्षी एके सकाळी ते एसटीनं लातूरला आले आणि माझ्या ब्युटी पार्लरच्या क्लासमध्ये, पंधरा मुलींच्या मागे, टोपी सावरून खुर्चीवर बसले. "मला मालिश शिकायची हाय. दाजी म्हणून गय करू नको. चुकलो तर बोल."

कारण साधं होतं. आक्काचे पाय दिवसभर ठणकायचे, झोप म्हणून लागत नव्हती. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, आजार काही नाही, शरीर थकलंय, रोज हलकी मालिश करा. पण आक्का परक्या बाईला पायाला हात लावू देईना, आणि नवऱ्याचं नाव काढताच तिनं कानांवर हात ठेवले. "नवऱ्याकडून पाय दाबून घेऊ? मला कुठल्या नरकात धाडायलाव?" दाजी म्हणाले, आधी शिकतो, मग तुझ्या नरकाचं बघू.

तळवे घासून गरम करायचे, बोटांनी नाही तर तळव्यानं सुरुवात करायची, हात पावलाकडून वर न्यायचा आणि मधूनमधून "जोर बरोबर आहे का" असं विचारायचं, हे मी वर्गाला रोज सांगते. विचारणं दाजींना पटेना. "पोत्याला कुणी इचारतं का?" पहिल्या दिवशी मीच खांदा पुढे केला. त्यांचे अंगठे असे रुतले की मी खुर्चीसकट पुढे सरकले. वर डोळे मिटून निकाल दिला, "ओलावा लई हाय. दोन दिवस उन्हात बस." माझं सुवासिक तेल त्यांनी वास घेऊन बाजूला सारलं आणि घाण्यावरचं करडीचं तेल आणलं. चार दिवस माझ्या क्लासला भज्यांच्या गाडीचा वास येत होता. सरावासाठी त्यांनी एसटीचा कंडक्टर सोडला नाही, चाकूरचा न्हावी सोडला नाही, शेजाऱ्याची म्हैससुद्धा सोडली नाही. म्हैस तेवढी तक्रार न करता उभी राहिली. बाजारातल्या एका जुन्या अडत्याच्या हाताची मालिश करताना कपड्यांना तेल लागू नये म्हणून दाजींनी वरून रुमाल टाकला. पूर्वी बाजारात भाव असाच ठरायचा, रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून. दाजींनी तीन बोटं दाबली तोच म्हातारा हात ओढून ओरडला, "न्हाई परवडत! एवढ्यात न्हाई देत!"

मी कुणाचं उगीच कौतुक करत नाही, पण महिनाभरात त्या हातातला जोर उतरला आणि नेमकेपणा आला. आता प्रश्न फक्त आक्काचा होता. दाजी रोज दुपारी कोमट तेलाची वाटी घेऊन तिच्या खाटेशी बसायचे आणि तेल थंड झालं की वाटी उचलून उठायचे. आठव्या दिवशी आक्काच कंटाळली. "बरं, लावा एकदाचं. पण धाकटीला बोलवून घ्या. चूक-बरोबर ती सांगंल."

रविवारी मी गेले. आक्का खाटेवर, दाजी खाली पाटावर. दाजींनी तळवा पावलाला लावला, तशी आक्का वाकली आणि त्यांना नमस्कार केला. हात उचलून पुन्हा ठेवला, पुन्हा नमस्कार. पाच मिनिटांत कंबर धरून बसली.

"अगं, मी मालिश करायलो का तू उठाबशा काढायलीस?" दाजी वैतागले.

"मग पाप कोण फेडणार? तुमची मेहुणी?"

मी म्हटलं, "आक्का, असं किरकोळीत करू नकोस. शेवटी एकदाच ठोक नमस्कार घाल."

बाजारातल्या माणसाशी संसार केलेली बाई. तिला ते लगेच पटलं. "हाव, चालंल. पण मला आठवण करून द्यायची बरं का. इसरले तर पाप तुमच्या डोक्यावर."

"माझ्या डोक्यावर," दाजी म्हणाले. "जोर बरोबर हाय का?"

"जरा हळू."

"आता?"

"हां."

"आता?"

आक्काची मान उशीवर कलंडली होती, तोंड उघडं होतं. इतकं गाढ झोपलेलं मी तिला कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

"झालं, दाजी," मी हळूच म्हटलं. "उठा आता."

"कसा उठू? नमस्कार ऱ्हायलाय तिचा. जागी झाल्यावर मी समोर नसलो तर जिवाला लावून घेईल."

चहा मीच करून प्यायले. त्यांचा कप त्यांच्याजवळ ठेवला, तो तसाच निवला. पाचच्या एसटीसाठी निघताना दारातून पाहिलं, तर दाजी पाटावर तसेच होते, तिची टाच ओंजळीत धरून. हाताला केव्हाच मुंग्या आल्या असणार. पण त्यांनी तो हलवला नाही.